दौलत शाहिराचा परका तारा

दौलत गमरे कधी खोटं बोलला नाही असं मी म्हणणार नाही. मिलमध्ये रजा हवी असली की त्याची आजी मरायची. ती दर वर्षी मरायची, आणि आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दर वर्षी तितक्याच गंभीर चेहऱ्यानं त्याला रजा द्यायचा. पण डफ हातात घेतला की हाच माणूस कोर्टात शपथ घेतल्यासारखा वागायचा. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारावर त्यानं पोवाडा रचला तेव्हाची गोष्ट. आमच्या मागच्या चाळीतला एक तरणा पोरगा त्यात गेला होता. दौलत त्याच्या घरी जाऊन बसला आणि त्या दिवशी पोराच्या अंगात कुठला सदरा होता ते विचारून आला. मी म्हटलं, "अरे, लाल म्हण की, पोवाड्यात लालच शोभतो." तर म्हणतो, "त्याच्या आईला ठाऊक आहे ना कुठला होता ते. ती समोर बसणार." सदरा निळ्या पट्ट्यांचा निघाला. ते निळे पट्टे यमकात बसवायला त्यानं आठवडा घेतला आणि तेवढा आठवडा आमच्या कानांनी भोगला.

मी दत्ताराम, मूळ देवगडकडचा. दौलतच्याच मिलमध्ये, त्याच्याच कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात कामाला होतो आणि त्याच्या मागं उभा राहून तुणतुणं वाजवायचो, झील धरायचो. झील म्हणजे शाहिराची ओळ संपली की मागच्यानं तिचं शेपूट उचलून "जी जी रं जी" करायचं. दिसायला सोपं काम आहे, पण शाहीर दमला, अडला, चुकला, की त्याला श्वास घ्यायला जागा झीलकरी देतो. दौलतला मी वीस-बावीस वर्षं श्वास दिला. ढोलकीला धोंडू होता. तो वाजवायचा उत्तम आणि रुसायचाही उत्तम.

छप्पन सालच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि दादरच्या चौपाटीवर हजारो लोकांबरोबर दौलतनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरी आला आणि आईपुढं बसला. त्याची आई गंगूबाई साठीची, काटक, बोलायला कडक. तिच्या सासूनं मरताना तिच्या हातात दिलेला वाघजाईचा टाक तिच्या देव्हाऱ्यात होता. दौलत म्हणाला, "आये, जे खरं वाटत न्हाय ते घरात ठेवायचं न्हाय." म्हातारी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच देव फडक्यात बांधले आणि माहीमच्या खाडीत सोडून आली. कुणाला बरोबर घेतलं नाही. रडली असेल तर तिकडेच रडली असेल. दौलतनं तिला काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलताना आवाज खाली ठेवायला लागला.

आमची पंचाईत पुढं झाली. पोवाडा म्हटला की आधी नमन. गणपतीला वंदन करायचं, सरस्वतीला करायचं, मग डफ तापतो, ढोलकी जुळते, लोक बूड टेकतात आणि नंतर कथा सुरू होते. दौलत म्हणाला, आता देवाचं नमन नाही. माझं डोकंच फिरलं. चिडलो की मला मालवणी सुचते. "गणपतीचा नाव न घेता डफावर थाप मारतलंस?" मी म्हटलं. "मग सुरुवात काय बोंब मारून करतलंस?"

"नमनात आपण काय सांगतो?" तो म्हणाला. "जग कुणी केलं ते सांगतो. मग जग झालं कसं तेच सांगू. जसं झालं तसं सांगू."

जग झालं कसं ते ना त्याला ठाऊक ना मला. तेव्हा तो नायगावच्या रात्रशाळेत राजाराम मास्तरांकडे गेला. मास्तर गिरगावात राहायचे आणि संध्याकाळी गिरणी कामगारांना गणित आणि विज्ञान शिकवायला यायचे. गोरे, चष्मिष्ट आणि बोलणं इतकं मऊ की मागच्या बाकापर्यंत पोचायचंच नाही. शाहिराला नमनासाठी सूर्यमालेचा जन्म हवा आहे म्हटल्यावर त्यांना काय आनंद झाला म्हणता. शाळेच्या कपाटातून त्यांनी एक जुनं पुस्तक काढलं आणि आम्हाला वाचून समजावलं. फार फार वर्षांपूर्वी सूर्य एकटा होता. एकदा दुसरा एक तारा भटकत भटकत त्याच्या जवळून गेला. समुद्राला जशी चंद्रामुळं भरती येते, तशी त्या ताऱ्याच्या ओढीनं सूर्याला भरती आली, आगीचा एक लांब लोळ बाहेर खेचला गेला, तारा निघून गेला, लोळाचे तुकडे झाले आणि थंड होऊन त्यांचे ग्रह बनले. त्यातलाच एक तुकडा म्हणजे आपली पृथ्वी.

दौलतला पोवाड्यासाठी याहून चांगलं काय मिळणार? वीर आहे, चाल करून येणारा आहे, ओढाताण आहे. दोन दिवसांत नमन तयार झालं:

आला परका तारा चालून, सूर्याला घेतलं घेरून,
ओढ लावली दुरून, आगीचा लोळ काढला फोडून, जी जी रं जी.

आणि ते गाजलं. सत्तावन्नच्या निवडणुकीचे दिवस, गल्लोगल्ली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायची भाषा ऐकून ऐकून लोकांचं रक्त तापलेलं. दौलतनं "आला परका तारा" म्हणून डफावर थाप मारली की लोकांना आकाशातला तारा दिसतच नव्हता. त्यांना सूर्य म्हणजे महाराष्ट्र दिसायचा, फोडून काढलेला लोळ म्हणजे मुंबई, आणि परका तारा कोण हे तर शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नव्हतं. काळाचौकीला पहिल्यांदा गायलो तेव्हा टोप्या उडाल्या. पोवाडा राहिला बाजूला, लोक पुन्हा नमनच मागायला लागले. दौलत गोंधळला. "अरे, मी सूर्याचं सांगतोय," असं दोन-तीनदा म्हणाला. पण टाळ्या कुणाला कडू लागतात? हळूहळू तोही "परका" शब्दावर थांबायला, डोळे मोठे करायला शिकला.

समितीचे आमच्या भागातले कार्यकर्ते गंगाधरभाऊ. लालबागमध्ये त्यांचं पानाचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा तोंड जास्त चालायचं. त्यांनी आम्हाला वरळीपासून अँटॉप हिलपर्यंत फिरवलं. रस्त्यानं जाताना लोक दौलतला "ओ परका तारा" म्हणून हाक मारायचे आणि तो लाजायचा. एवढा काळाकभिन्न, मिशाळ माणूस लाजताना फार गोड दिसायचा. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही.

ही घोडदौड अडवली ती त्याच्या बायकोनं, रमाबाईनं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तांदूळ निवडता निवडता तिनं सहज विचारलं, "तो तारा मग गेला कुठं?"

आता हे त्यानं तिथंच सोडून द्यायचं की नाही? बायका काय, काहीही विचारतात. पण निळ्या पट्ट्यांचा माणूस तो. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मला ओढत रात्रशाळेत घेऊन गेला.

राजाराम मास्तर आम्हाला बघून खुश झाले नाहीत. खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, चष्मा पुसला. "मी तुम्हाला निरोप धाडणारच होतो," ते म्हणाले. "तुमचं नमन मी परवा परळला ऐकलं. लोक किती खुश होते. म्हणून मग धीर होईना."

"काय झालं?" दौलतनं विचारलं.

"ते पुस्तक जुनं आहे. मी कॉलेजातल्या माझ्या सरांना भेटलो. ती परक्या ताऱ्याची कल्पना आता कुणी धरत नाही. बाहेर ओढलेला तो वायू इतका तापलेला असणार, की त्याचा गोळा व्हायच्या आधीच तो पांगून जाईल. चहाच्या वाफेची गोळी वळता येते का? आणि ग्रह सूर्यापासून जितक्या लांबून जितक्या जोरात फिरतात, तेवढी गती त्या ओढाताणीतून मिळतच नाही. चूक माझी आहे, गमरे. मी आधी विचारायला हवं होतं."

दौलत बाकावर बसला. लहान पोरांचा बाक होता, त्याचे गुडघे छातीला आले. "मग झालं कसं?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी फळा पुसला आणि ढग काढला. वायूचा आणि धुळीचा भलामोठा ढग, हळूहळू फिरणारा. स्वतःच्याच ओढीनं तो आत आत दबत गेला. जसा दबला तसा त्याच्या फिरण्याचा वेग वाढला आणि फिरता फिरता तो चपटा झाला, भाकरी थापताना हाताखालचा गोळा फिरत फिरत पसरतो तसा. मधोमध सूर्य पेटला. भोवतीच्या चकतीत धुळीच्या कणाला कण चिकटला, कणांचे खडे झाले, खड्यांचे धोंडे झाले, धोंड्यांनी धोंडे ओढून घेतले आणि होता होता ग्रह झाले. म्हणून तर सगळे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत आणि एकाच दिशेनं सूर्याभोवती फिरतात.

"आमच्या खात्यात मशिनखाली असंच होतं," दौलत म्हणाला. "हवेत नुसते तंतू उडत असतात. कोपऱ्यात एकाला एक गुंततो आणि पाळी सुटेपर्यंत त्याचा बोळा होतो."

"थोडंफार तसं," मास्तर म्हणाले. "पण तुमच्या बोळ्याला वारा लोटतो. तिथं मोठा झालेला धोंडा स्वतः दुसऱ्याला ओढतो. हा फरक सोडू नका. आणि हेही पक्कं समजू नका. यातही त्यांचे वाद चालू आहेत, पुढं यातलंही काही बदलेल."

"परका कुणीच नव्हता?"

"कुणीच नव्हता. सूर्य, पृथ्वी, सगळे एकाच ढगातले."

मग मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि दौलतच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते टाळ्यांच्या गजरातसुद्धा पाहिलं नव्हतं. दोन तारे असे जवळून जाणं म्हणजे क्वचितातला क्वचित योग. त्याच्यावाचून ग्रह होत नसतील तर आपल्यासारखी सूर्यमाला आकाशात जवळपास एकटीच. पण ढगातून तारा जन्मताना ग्रह आपोआप होत असतील, तर कितीतरी ताऱ्यांभोवती ते असू शकतील. कुणी अजून पाहिलेले नाहीत, पण असू शकतील.

परतताना हिंदमाताच्या नाक्यावर दौलत मान वर करून उभाच राहिला. गिरण्यांच्या धुरात एक तारा दिसेल तर शपथ. लोक त्याला धक्के मारत जात होते. "दत्ता," तो म्हणाला, "म्हणजे आपण कुणाचे खास लाडके नाही रे. सगळीकडं असंच होत असणार." आणि हे त्यानं पगारवाढ झाल्यासारखं सांगितलं. मला त्या क्षणी तो फार आवडला. मग घराच्या पायरीशी आल्यावर त्याचं तोंड उतरलं. पुढच्याच रविवारी परळच्या मैदानात निवडणुकीतली आमच्या भागातली सर्वांत मोठी सभा होती आणि लोक परका तारा ऐकायला येणार होते.

गंगाधरभाऊंनी ऐकून घेतलं आणि पानाला चुना लावता लावता म्हणाले, "दौलतराव, मतदान तोंडावर आलंय. आकाशातून कोण येतोय साक्ष द्यायला? तुमचं नमन एकदम फिट बसलंय. निवडणूक होऊ द्या, मग पाहिजे तर ढग गा, नाहीतर पाऊस गा."

खरं सांगायचं तर भाऊंचं मला पटलं. चळवळ खरी होती, आमची माणसं खरी मेली होती. त्यात एका ताऱ्याचं काय एवढं? आणि मला तर त्याहून भारी युक्ती सुचली होती. मी म्हटलं, "अरे, ढगाचंच गा. पण असं गा की विदर्भाचा कण, कोकणाचा कण, मराठवाड्याचा कण, सगळे एकाला एक चिकटले आणि संयुक्त महाराष्ट्र झाला. मैदान डोक्यावर घेतील."

"एकदा चुकलो ते बस झालं," दौलत म्हणाला. "मोर्च्यात मी लाठी खाल्लीय, परत खाईन. पण आभाळाला आपला झेंडा धरायला लावणार नाही."

तरी त्याचं ठरत नव्हतं. हे मला कळत होतं, कारण तो मशिनवर गुणगुणत नव्हता. टाळ्यांची चटक लागली होतीच आणि त्याहून मोठी भीती होती. ऐन निवडणुकीत नमन बदललं तर लोक फितूर म्हणतील. लाठीचा वळ बरा होतो, पण गिरणगावात फितूर हा शब्द एकदा चिकटला की पोरांच्या लग्नापर्यंत पुरतो.

शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा तो आईपुढं बसला होता. त्यानं तिला सगळं सांगितलं, मास्तरांचं, ढगाचं, भाऊंचं. गंगूबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिला यातलं किती समजलं कोण जाणे. पण मूळ गोष्ट तिला आमच्या आधी समजली.

"म्हंजी तू लोकांस्नी जे सांगत व्हतास ते खरं न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय."

"आनि तुला आता ठावं झालंय."

"व्हय, आये."

"मग बघ बाबा," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "मी माजी वाघजाई तुज्या शब्दावर सोडली. तू म्हनलास, खरं न्हाय ते ठेवायचं न्हाय. आता टाळ्या मिळत्यात म्हनून तुजं तेवढं खोटं ठेवायचं आसंल, तर खाडीत जा आनि माजी देवी काढून आन."

रमाबाईनं मला चहा दिला, तो मी तसाच घटाघटा पिऊन टाकला आणि निघालो. जिना उतरताना मागं डफ वाजायला लागला.

रविवारी मैदान भरून वाहत होतं. पुढं सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात गंगूबाई, डोक्यावरचा पदर नीट ओढून. भाऊंनी आमचं नाव पुकारताच आरोळी उठली, "परका तारा, परका तारा." दौलत पुढं झाला. डफ काखेत धरून हात जोडले.

"मंडळी, जयभीम, रामराम," तो म्हणाला. "गेला महिनाभर मी तुम्हाला सांगत आलो की परका तारा आला आणि त्यानं सूर्य फोडला. ते बरोबर नाही. मी चुकीचं गायलो. असा कुणी तारा आला नव्हता. मला आता जे कळलंय ते गातो. मग हुतात्म्यांचा पोवाडा गाऊ."

आधी लोकांना वाटलं गंमत चाललीय. मग कुजबूज झाली. दौलतनं थाप मारली:

ऐका मंडळी जगाची कहाणी, आधी भुई नव्हती, नव्हतं पाणी,
धूळ फिरत होती अंधारी, कण कणाला धरी, जी जी रं जी.
कणाचा झाला खडा, खड्याचा धोंडा,
धोंड्यानं ओढला धोंडा, त्याची झाली ही धरा, जी जी रं जी.

आता मी त्याचा जिवलग, पण खरं ते सांगतो, हे पहिल्याइतकं रंगलं नाही. यात कुणी कुणावर चालून जात नाही. धूळ धुळीला चिकटते, त्यावर टाळी कुठं द्यायची? दुसऱ्या कडव्याला शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "दिल्लीला फितूर झाला काय रे?" बायकांच्या पलीकडून एक चप्पल आली आणि धोंडूच्या ढोलकीवर बसली. धोंडूनं ढोलकी उचलली आणि जाऊन मागं बसला. मी संतापलो होतो, दौलतवर, चप्पलवाल्यावर आणि ढगावरसुद्धा. पण झीलकऱ्यानं झील सोडायची नसते. शाहीर एकटा पडतो तेव्हाच तिची गरज असते. मी तुणतुण्याची तार आवळली आणि गळा फाटेपर्यंत "जी जी रं जी" केलं.

दौलत थांबला नाही. घाई केली नाही, एक कडवंसुद्धा गाळलं नाही. निळ्या पट्ट्यांसारखंच प्रत्येक अक्षर जागच्या जागी ठेवून गायला. पलीकडच्या ताऱ्यांभोवतीही ग्रह असतील, अजून कुणी पाहिले नाहीत, पण असतील, इथपर्यंत आला तेव्हा ओरडणारे कंटाळून गप्प झाले होते. शेवटाला टाळ्या पडल्या त्या राजाराम मास्तरांच्या आणि त्यांच्या आसपासच्या पाच-दहा जणांच्या. हुतात्म्यांच्या पोवाड्याला धोंडू परत आला आणि लोकही परत आले, पण तो मायेचा गलका काही परत आला नाही.

त्या निवडणुकीत भाऊंनी आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. समिती आमच्या भागात आमच्यावाचून दणक्यात निवडून आली, तेव्हा परक्या ताऱ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं हेही सिद्ध झालं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या पाळीला निघालो होतो. चाळीच्या नळावर बायकांची गर्दी होती. बातमी सगळीकडं पसरलीच होती. एका शेजारणीनं गंगूबाईला मुद्दाम टोचलं, "काय वो, काल तुमच्या दौलतला चप्पल मारली म्हनं?"

गंगूबाईनं भरलेला हंडा खाली ठेवला आणि नऊवारीच्या पदरानं तोंड पुसलं.

"चप्पल ढोलकीला लागली," ती म्हणाली. "पर तू आली न्हाईस ते चुकलीस. आख्खं मैदान भरलं व्हतं. आनि तेवढ्या लोकांम्होरं हुबा ऱ्हाऊन माजा ल्योक म्हनला, मी चुकलो."

दुसऱ्या आया आपला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सांगतात ना, अगदी तशी सांगत होती. शेजारणीनं तोंड फिरवून आपली कळशी नळाखाली सरकवली, म्हणून म्हातारीनं ते तिला पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.